दहा मोजून झाल्यावर

मुलुंड
९ जून १९८६

ती. राधाताईंना विमलाचा नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. ह्यांच्यासाठी खोली सारवून ठेवलीत, खाट विणून घेतलीत, हे वाचून बरं वाटलं आणि लगेच हे पत्र लिहायला बसले. मे महिन्यात मीच तुम्हाला लिहिलं होतं. ह्यांना विचारलं, कायमचं देवगडला ताईंकडे राहायला जाणार का, आणि हे हो म्हणाले. ते खोटं नव्हतं. हे हो म्हणालेच. पण परवा एक प्रकार झाला. तो सांगते.

डिसेंबरात झटका आला तेव्हापासून उजवा हात लुळा आणि शब्द गेलेले, हे तुम्हाला माहीत आहे. पाय आता सुधारलाय, काठी घेऊन चालतात. समजतं सगळं. तोंडातून मात्र एकच शब्द येतो. हो.

हॉस्पिटलात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. सुलक्षणाबाई. वय माझ्या निम्मं, आवाज माझ्या दुप्पट. त्या म्हणाल्या, "घरात बसवून ठेवू नका. रोज बाजारात न्या. वस्तू त्यांनाच घेऊ द्या. तुम्ही मागे उभ्या राहा."

मी म्हटलं, "आणि त्यांना सांगता आलं नाही तर?"

"मनात दहा मोजा. दहा होईपर्यंत तुम्ही तोंड उघडायचं नाही."

ताई, मी जन्मात दहापर्यंत गप्प बसलेली नाही. तुम्ही पाहिलंय. अंतरपाट धरलेला असताना मी भटजींना किती वेळ राहिला ते विचारलं होतं.

शनिवारी भाजीला गेलो. शांताबाई नेहमीची.

"दुधी देऊ?"

"हो."

"दोन देते. कोवळे आहेत."

"हो."

मी मोजत होते. चारवर आले.

"कारली बघा कशी आहेत."

"हो."

"भोपळा अख्खाच न्या. कापला की राहत नाही."

"हो."

मी दहाला पोचले तेव्हा पिशवी भरली होती, माझा पदर भरला होता आणि भोपळा ह्यांच्या डाव्या काखेत होता. शांताबाई म्हणाली, "बोलत नाहीत पण गिऱ्हाईक सोन्यासारखं."

घरी आल्यावर कारलं ह्यांच्या नाकासमोर धरलं. लहानपणी ह्यांच्या ताटातली कारली तुम्ही गुपचूप खायच्या, असं तुम्हीच सांगितलंय. विचारलं, "हे तुम्हाला हवं होतं?" म्हणाले, हो. आणि तोंड असं केलं की मला पुढे विचारावं लागलं नाही.

म्हणजे हो हा नुसता येतो. शिंक यावी तसा. मग मे महिन्यातल्या हो चं काय करायचं? तुमच्या अनंताला इतक्यात ह्यांना न्यायला पाठवू नका.

विमला

(भोपळा अजून आहे.)


देवगड
१८ जून १९८६

चि. सौ. विमलास आशीर्वाद.

पत्र वाचलं. भोपळ्यापर्यंत पोचायला चष्मा दोनदा पुसावा लागला. तुला चार पानं लागतात. मला कार्ड पुरतं.

मे महिन्यात हो म्हणजे हो होतं. जूनमध्ये हो म्हणजे काहीच नाही. हे तुझ्या सोयीचं आहे. धोंडू माझा भाऊ आहे. पहिल्यापासून कमी बोलणारा. विचार करून बोलणारा. खात्री करायची तर असं काहीतरी विचार ज्याचं उत्तर नाही असंच आहे. तू हत्ती आहेस का, असं विचार. काय म्हणतो ते कळव.

नारळी पौर्णिमा झाली की अनंत निघेल.

राधा


मुलुंड
२५ जून १९८६

ती. राधाताई,

विचारलं. हो म्हणाले.

तुमचा माझ्यावर विश्वास बसणार नाही म्हणून शेजारच्या प्रेमाला साक्षीला बसवलं. तिला चेव आला. "भावजी, तुम्ही मुंबईचे महापौर?" हो. "मी तुमची सासू?" हो. "ह्या विमलाशी पुन्हा लग्न कराल?" हो. इथे ह्यांना स्वतःलाच हसू फुटलं आणि ठसका लागला. पाणी द्यावं लागलं. ही विमला म्हणजे मीच, हे विसरून मीही हसत होते.

आता वाईट बातमी. रविवारी दादूकडे गेलो, दाढीला. तो ह्यांचा जुना न्हावी. म्हणाला, "मिशी जरा बारीक करू?" हो. "का काढूनच टाकू? उकाड्याचं बरं." हो. दादूने माझ्याकडे पाहिलं. मी सहावर होते, ताई. सुलक्षणाबाईंची शपथ होती. मी हात वर करून थांब अशी खूण केली. त्याला वाटलं, मी आशीर्वाद दिला. सातला अर्धी गेली. आठला मी किंचाळले.

दादू म्हणाला, "वहिनी, आता एकच बाजू ठेवून काय करू?"

दुसरीही गेली. हे आरशात बघत राहिले. मग आरशातल्या माणसाला डाव्या हाताने नमस्कार केला, नवीन ओळख झाल्यासारखा. दादू खुर्चीवर बसला तो हसून उठेना. पुढचं गिऱ्हाईक तोंडाला साबण लावून तसंच वाळलं.

सुलक्षणाबाईंनी मलाच झापलं. "हो-नाही विचारायचंच नाही. दोन वस्तू समोर धरा. ते बोट ठेवतील. आणि थांबा." आता दादू एका हातात कात्री, एका हातात वस्तरा धरून उभा राहतो. शांताबाई दुधी आणि पडवळ असे उंच धरते की बाजारात भांडण लागलं असं वाटतं.

पण ताई, मुलुंड आणि देवगड समोर कसं धरू? मुलुंड हातात मावत नाही.

विमला


देवगड
३ जुलै १९८६

चि. सौ. विमलास आशीर्वाद.

हत्तीचं मान्य.

मिशीचं मान्य नाही. आमच्या बाबांची मिशी होती ती.

मुलुंड हातात मावत नाही ही सबब आहे. तू गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला जातेस. पहाटे निघतेस. दुपारी चारला येतेस. तोवर तो काय करतो, हे तुझ्या चार पानांत कुठे नाही. इथे मी दिवसभर घरात असते. ते लिही.

राधा


मुलुंड
८ जुलै १९८६

ती. राधाताई,

हे दिवसा आराम करतात.

सांगायचं म्हणजे मंगळवारी बसची गंमत झाली. सुलक्षणाबाईंनी ह्यांना एक वही करून दिलीय. एका पानावर चहाच्या पुड्याचा कागद, एकावर काडेपेटीचं चित्र, एकावर लाल क्रॉस म्हणजे हॉस्पिटल. तिकीट ह्यांनीच काढायचं, असा हुकूम. कंडक्टर आला. "कुठे?" ह्यांनी वही काढली. डाव्या हाताने पानं उलटायला लागले. चहा. साबण. काडेपेटी.

"काका, लवकर सांगा ना."

मी बोटांवर मोजत होते. तोंड गच्च मिटलेलं. शेजारच्या कॉलेजच्या मुलीने विचारलं, "मावशी, काय मोजताय?" आता तिला उत्तर द्यायचं म्हणजे बोलणं आलं. मी बोटं दाखवली, ह्यांच्याकडे दाखवलं, तोंडावर हात ठेवला. पोरगी हुशार. ती मोठ्याने म्हणाली, "चार!" मागून कोणीतरी म्हणालं, "पाच!" सहाला अर्धी बस होती. सातला पूर्ण. का मोजतोय हे कोणाला माहीत नव्हतं. आठला ह्यांचं बोट लाल क्रॉसवर पडलं आणि टाळ्या. एक म्हातारे गृहस्थ उतरताना ह्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन." कशाबद्दल ते त्यांनाही ठाऊक नसावं.

कंडक्टर म्हणाला, "काका, पुढच्या वेळी मी वीस मोजतो. आरामात."

हे उतरल्यावर दहा पावलं काठी न टेकता चालले. मग आठवण झाली तेव्हा टेकली.

बाजारात आता सगळेच मोजतात. काल एक बाई शांताबाईशी मेथीवरून हुज्जत घालत होती. शांताबाई म्हणाली, "दहा होईपर्यंत गप्प बस, मग बघू." बाई सातला निघून गेली.

भोपळा संपला.

विमला


देवगड
२१ जुलै १९८६

विमल,

खालच्या वाडीतला चंद्रप्रकाश मुंबईहून आला. अकरा तारखेला सकाळी तो तुझ्याकडे आला होता. दाराला बाहेरून कुलूप. परत फिरणार तर आत काठीचा आवाज. त्याने हाक मारली, धोंडूकाका, आत आहात?

आतून उत्तर आलं, हो.

तेवढं एक हो खरं होतं.

आराम करतात म्हणे. पौर्णिमेपर्यंत मी थांबत नाही. अनंत महिनाअखेर निघेल. धोंडूचे कपडे बांधून ठेव.

राधा


मुलुंड
२८ जुलै १९८६

ती. राधाताई,

कुलूप खरं आहे. सहा महिने लावत होते. हे बाहेर पडतील, वाट चुकतील, कोणी काही विचारेल आणि हे हो म्हणतील, ही भीती. तुम्हाला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुम्ही म्हणालात तेच म्हणाला असतात.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांच्यासमोर कुलूप आणि चावी धरली. दहा मोजायला लागले. दोनला ह्यांनी चावी घेतली. इतकं सोपं होतं. मी कधी समोर धरलंच नव्हतं.

कामावर गेले. त्या दिवशी मी खोकल्याच्या बाटल्यांच्या खोक्यात डोक्याच्या गोळ्या भरल्या. सुपरवायझर ओरडली. साडेतीनला सुटले, घरी पळत आले. दार उघडं. घर रिकामं.

शांताबाईकडे धावले. "आलेले. मी पडवळ आणि दोडका धरला. दोन्ही बघितले, मान हलवली आणि मला टाटा करून गेले. चेष्टा करतात हो तुमचे मिस्टर."

दादूकडे. "दाढी करून गेले. ओठाला हात लावू देईनात. मिशी परत वाढवतायत. ताईंना कळवा."

दादूच्या दुकानाबाहेर उभी राहिले आणि मला तो आवाज आला. टर्रर. टर्रर. शिवदासशेठचं भांड्यांचं दुकान. एकोणीस वर्षं हे तिथे भांड्यांवर नावं घालत होते. मुलुंडमधल्या निम्म्या घरांतली पातेली ह्यांच्या हातची. हे आपल्या स्टुलावर बसलेले. मशीन डाव्या हातात. मांडीत कळशी.

शेठ म्हणाले, "आले, बसले, मशीन चालू केलं. मी कशाला अडवू?"

मी पाहिलं. अक्षर तेच, ताई. जरा डावीकडे कललेलं, पण तेच. ह्यांना स्वतःहून एक अक्षर लिहिता येत नाही. पण चिठ्ठी समोर ठेवली की चित्र काढावं तसं उतरवतात. मला रडू येणार होतं. पण मग मी वाचलं.

गिऱ्हाईकाने चिठ्ठी लिहून दिली होती. ह्यांनी ती उतरवली होती. सगळी. कळशीवर लिहिलं होतं:

चि. शकु हीस लग्नानिमित्त मामाकडून सप्रेम भेट. नाव ठळक घालणे. घाई आहे. संध्याकाळी नेतो.

घाई आहे च्या खाली दोन रेघा होत्या. चिठ्ठीत होत्या म्हणून.

शेठनी वाचलं आणि गल्ल्यावर डोकं ठेवलं. तेवढ्यात मामा आला. कळशी हातात घेतली. गोल फिरवत फिरवत वाचली. शेठ माफी मागायला तोंड उघडणार, तर सवयीने माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "एक." मामाने माझ्याकडे पाहिलं. "दोन. तीन." हे खाली मान घालून मशीनची सुई पुसत होते. सहाला मामाच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं, मारतो आता. तो हसत होता. भिंतीला धरून हसला. म्हणाला, "पोरीच्या लग्नाची सहा वर्षं घाई केली मी. लिहिलंय ते बरोबर आहे." कळशी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा साडू आला. त्यालाही खाली घाई आहे असं घालून हवं होतं. दोन रेघांसकट.

आता शेठ चिठ्ठीवर फक्त नाव लिहून घेतात. बाकीचं तोंडी. हे रोज सकाळी नऊला जातात, एकला येतात. खिशात चावी असते.

मला हे इथे हवेत. पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. चार पानांत तेवढंच राहिलं.

विमला


देवगड
५ ऑगस्ट १९८६

चि. सौ. विमलास आशीर्वाद.

अनंत पिशवी घेऊन दारात उभा होता तेव्हा तुझं पत्र आलं. त्याने उभ्या उभ्या वाचलं. कळशीपाशी खाली बसला. एस्टी गेली.

तुला तो तिथे हवा. मला इथे हवा. आपण दोघीच बोलतोय. त्याला काय हवं ते त्याने सांगावं.

खोलीची चावी चंद्रप्रकाश आणून देईल. एकच आहे. तुझ्या घराच्या चावीशेजारी ठेव. दहा मोज. बोट ठेवेल ते मला मान्य. मध्ये बोलू नकोस. खोटं लिहू नकोस.

राधा


मुलुंड
१७ ऑगस्ट १९८६

ती. राधाताई,

चंद्रप्रकाश काल आला. चहा प्यायला, आणि साक्षीला बसला. प्रेमा होतीच. पाटावर दोन चाव्या ठेवल्या. डावीकडे तुमची, मोठी, गंजलेली. उजवीकडे आमची. मी सांगितलं, ही देवगडची, ही इथली. एवढंच. मग तोंडात पदराचा बोळा घातला. खरंच घातला, विचारा प्रेमाला.

हे बघत बसले. दहा झाले. मी पुढे मोजत राहिले. वीसला प्रेमा म्हणाली, "माझं दूध गॅसवर आहे," पण उठली नाही. तिसाला तुमची चावी उचलली. वास घेतला. मी बोळा काढला नाही. चाळिसाला आमची उचलली. दोन्ही तळहातावर ठेवल्या, वजन केल्यासारख्या. मग दोन्ही शर्टाच्या खिशात टाकल्या, काठी घेतली आणि दुकानात गेले.

प्रेमाचं दूध उतू गेलं.

आता ह्याचा अर्थ काय लिहू? एकावर बोट ठेवलं नाही. मी जाऊन विचारलं तर हो म्हणाले. खोटं लिहू नकोस म्हणालात, म्हणून झालं तसं लिहिलं.

निघताना मांडणीवरचं तुमचं कार्ड घेऊन गेले होते. दुपारी एक डबा घेऊन आले. मला बघू देईनात. प्रेमाकडून कापडात शिवून घेतला. तिलाही डोळे मिटून शिवायला लावणार होते. चंद्रप्रकाशकडे दिलाय. आत वड्या आहेत, त्या माझ्या. बाहेर काय आहे ते तुम्हीच मला कळवा. कार्डावरून तुमचं नाव घातलं असेल. मी इतकं मोजलंय की आता मला स्वस्थ बसवत नाही.

विमला


देवगड
२५ ऑगस्ट १९८६

चि. सौ. विमलास अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. वड्या कडक झाल्या आहेत. बाहेर काय आहे ते कळवते.

झाकणावर दोन एस्ट्या आहेत. पहिलीचं तोंड आपल्या घराकडे. घर आपलंच, तिसऱ्या पायरीचा तडासुद्धा काढलाय. दारात गणपतीचा उंदीर बसलाय. दुसऱ्या एस्टीचं तोंड उलट दिशेला. तिच्यापुढे दुकान आणि भांड्यांची उतरंड. दोन्ही गाड्यांच्या खिडकीत दोन दोन डोकी. एकाला अर्धी वाढलेली मिशी आहे. दुसरीचं तोंड उघडं आहे.

मला समजायला दहा लागले नाहीत. तीनला समजलं. गणपतीला येणार आणि परत जाणार. तुला घेऊन. मान्य आहे. मान्य करते असं म्हटलं होतं, ते केलं.

आता डब्याच्या अंगावर काय आहे ते. माझं कार्ड आहे. नाव नाही. कार्ड. आशीर्वादापासून राधापर्यंत. अनंताची पिशवी, कळशी, एस्टी गेली, सगळं. पोस्टाचा शिक्का गोल काढलाय, आतली तारीखही वाचता येते. आणि शेवटची दोन वाक्यं, मध्ये बोलू नकोस, खोटं लिहू नकोस, ही ठळक घातली आहेत. खाली दोन रेघा. माझ्या कार्डावर रेघा नव्हत्या.

अनंत म्हणतो, धोंडूमामाला कळलं नसणार, समोर ठेवलं ते उतरवलं. तूही तेच म्हणशील. मी त्याला पाळण्यात असल्यापासून ओळखते. नाव कुठे संपतं ते त्याला चांगलं कळतं. शेठना विचार, कळशीच्या वेळी तो खाली मान घालून काय करत होता.

काल शेजारच्या मालनला चार वड्या दिल्या. तिने डबा वाचला. मोठ्याने. आज सकाळपासून पाच जणी येऊन गेल्या. वड्या मागत नाहीत. डबा मागतात. मी स्वतः हसले नाही. फक्त दोनदा.

खोलीची चावी एकच होती, ती त्याच्या खिशात आहे. माझी सुपं आत आहेत. गणपतीचा पाटही आत आहे. अनंत कुलूप तोडतो म्हणाला. मी नको म्हटलं. ज्याच्याकडे चावी आहे त्याने यावं आणि उघडावं.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी पोचा. त्याची वही आण. कारली करणार नाही. मी तिसऱ्या पायरीवर उभी राहीन आणि विचारीन, धोंडू, आलास?

तू मध्ये बोलू नकोस.

राधा